सत्तरीतल्या शाळांची संमेलनं

पौष लागला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात: धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे गाण्या-नाचाचे खेळ, आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळांची स्नेहसंमेलनं. रात्री उशिरापर्यंत मांडावर, म्हणजे धालोंच्या ठरलेल्या जागी, खेळून आलेली आई सकाळी मुलीच्या केसांत अबोलीचा वळेसर माळते, तिला तालमीला आणून सोडते आणि जांभया देत तिथंच पायरीवर बसून राहते. तिला कुणी घरी जायला सांगत नाही, कारण थोड्या वेळानं फुगडीची चाल चुकली की तीच उठून दाखवते.

मी शिक्षिका म्हणून तालुक्यात बदल्या होतील तशी फिरले. वाळपईच्या आसपास, मग केरीच्या बाजूला, मग पार आत, जिथं एक बस चुकली की सरळ संध्याकाळच. निवृत्त झाल्यावरही आमंत्रणपत्रिका येतात आणि मी जाते. हातात नारळ-शाल पडेल म्हणून जाते, असं म्हणणारेही आहेत. म्हणोत.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, पाहुण्यांना रोपटं, अहवालवाचन, बक्षिसं हे सगळीकडे सारखंच. सरपंच, पंच, पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष, भागशिक्षणाधिकारी या क्रमात कुणाचं नाव मागंपुढं झालं, तर तो राग पुढच्या संमेलनापर्यंत टिकतो, एवढं सांगितलं की पुरे. भाषणात भाऊसाहेब बांदोडकरांचं नाव आल्याशिवाय राहत नाही आणि ते यायलाच हवं. १९६१ साली गोवा मुक्त झाला, २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी शाळा निघाल्या. त्या वेळच्या शाळांनी हल्लीच साठी गाठली. त्या वर्षी तालुक्यात हीरकमहोत्सवांची अशी काही रांग लागली की मंडपवाल्याला तारखा वाटून देताना घाम फुटला.

पण मी जाते ती चौथीच्या मनोगतासाठी. आमच्या सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे चौथीची मुलं संमेलनातच निरोप घेतात. एकजण माईकपाशी येतं. बाईंनी लिहून दिलेलं असतं, त्यात ‘ज्ञानमंदिर’ असतं, ‘ऋण’ असतं, ‘संस्कारांची शिदोरी’ हमखास असते. मूल ते घडाघडा म्हणून टाकतं आणि सुटतं. मला आवडतं ते अडकणारं मूल.

औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाळेतली मुलगी अशी अडकली होती. घरी कानडी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, आणि खेळताना कोंकणी. बापू, म्हणजे तिचे वडील, गवंडीकाम करणारे. ‘शिदोरी’पर्यंत नीट आली आणि थांबली. पुढचं काही आठवेना. टीचर पडद्याआडून सांगतायत, समोरचे पालक कुजबुजतायत. तिनं हातातला कागद घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, ‘मी पहिलीत आले तेव्हा कुणाशी बोलत नव्हते. टीचर मला रोज फळा पुसायला सांगायच्या. आता माझा भाऊ फळा पुसतो. त्याला उंच पोचत नाही. वरचा भाग कुणीतरी पुसा.’ नमस्कार केला आणि पळाली.

टाळ्या वाजायला जरा उशीरच झाला. बापू गेटपाशी उभे होते, शर्टावर सिमेंट तसंच, मोबाईल उंच धरलेला. आम्ही तीनदा खुर्चीवर येऊन बसा म्हटलं, आले नाहीत. फळ्याचा वरचा भाग त्यानंतर नियमानं पुसला जाऊ लागला, हे तिथल्याच एका टीचरनं मला सांगितलं.

त्याच व्यासपीठावर मग माजी विद्यार्थी बोलतात आणि इथं माझं तोंड कडू होतं. शाल खांद्यावर घेऊन मातृभाषेवर दहा मिनिटं बोलायचं, याच भिंतींनी मला घडवलं म्हणून गळा दाटून आणायचा आणि स्वतःची मुलं शहरातल्या इंग्रजी शाळेत. सकाळी त्यांची पिवळी बस आमच्या शाळेच्या गेटसमोरूनच जाते. ज्याला जी शाळा हवी ती त्यानं घ्यावी, पण मग शाल घेताना भाषण तरी आखूड करावं. पट घसरत चाललाय. कुठं शाळा बंद झाल्या, कुठं शेजारच्या शाळेत मिसळल्या. दहा-बारा मुलांच्या शाळेचं संमेलन बघितलंय कधी? तीच मुलं ईशस्तवनाला, तीच फुगडीला, तीच नाटुकल्याला. कपडे बदलायला वेळ मिळावा म्हणून पाहुण्यांना मध्येच बोलायला उठवतात. अशा पाहुण्यांचं भाषण किती चालावं हे पडद्यामागच्या पिनांवर ठरतं.

आणि पालक! आपल्या मुलाचा नाच झाला की मुलाला अंगावरच्या ड्रेपरीसकट उचलून घरी. सुरुवातीला पाय ठेवायला जागा नसते आणि बक्षीस वितरणाला शिक्षक, पाहुणे आणि खुर्च्या. काजूचा हंगाम असेल तर मी बोलत नाही. ज्यांचं वर्षाचं पोट बागायतीवर, ते बोंडू सोडून कसे येतील? पण जानेवारीत काजूला नुसता मोहर असतो, तेव्हाचं काय?

घुमट आरतीला मात्र कुणी उठत नाही. घुमट म्हणजे तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य. वर्गात पाढे म्हणताना पेंगणारी पोरं ते मांडीवर घेतलं की ताठ होतात. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघरी आरत्या म्हणून हात बसलेला असतो, शिकवावं लागत नाही. पूर्वी घुमटाच्या तोंडाला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. जुने वाजवणारे नाक मुरडतात, नाद तसा नाही म्हणतात. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हा मुरडलेली नाकं जरा सरळ झाली. एकानं शामेळ हे तालवाद्य धरायचं, एकानं कांसाळं म्हणजे झांज, आणि लय वाढत गेली की पुढच्या रांगेतला सरपंचही मांडीवर ताल धरतो. मी तर उघड धरते.

आता मदतीला आलेल्यांबद्दल, कारण आभार मानणारा नेमका घाईत असतो. देवळाचा रंगमंच फुकट देणारी देवस्थान समिती. जत्रेच्या नाटकाचे पडदे उतरवून आणणारे तिथले तरुण. शेजारच्या घरातून वायर ओढून वीज देणारी आजी, जिनं कधी बिल मागितलं नाही, फक्त ‘म्हजो पंखो बंद जाता गे’ एवढंच म्हणाली. माध्यान्ह आहाराच्या महिला गटातल्या बाया, ज्या त्या दिवशी भाजीपाव पाहुण्यांनाही पुरवतात आणि कार्यक्रम खिडकीतून बघतात. पेटीवाले काका. तबल्याला ऐनवेळी मिळालेला कुणाचा तरी भाचा. रंगभूषा करणारे, जे जत्रेच्या नाटकांतून रात्रभर जागून येतात आणि पोरांच्या मिशा डुलक्या घेत काढतात. म्हणून काही मिशा तिरक्या. पिकअपमधून खुर्च्या आणणारा. साउंडवाला. माईक खाली-वर करायला ठेवलेला पाचवीतला माजी विद्यार्थी. पार्किंगला उभा राहणारा युवक मंडळाचा मुलगा. समयीला तेल आणून देणारे भटजी. आणि शाळेची शिपाई, जी सगळ्यांच्या आधी येते आणि सगळे गेल्यावर केळीच्या पानांपासून पिनांपर्यंत गोळा करते. कुणी सुटलं असेल तर मला फोन करा, रागावू नका. ज्यांनी नुसत्या सूचना केल्या त्यांची नावं मी मुद्दामच घेतलेली नाहीत.

यंदाच्या तारखा अजून पडायच्या आहेत. नव्या टीचरांनी आधी गावच्या जत्रेची तिथी विचारावी, धालो कुठल्या रात्री संपतात ते बघावं आणि कार्यक्रम मार्चात ढकलू नये. तेव्हा बागायतीत माणूस, शाळेत परीक्षा आणि दारात शिगमो. चौथीचं मनोगत शेवटी ठेवू नका, घुमट आरतीच्या आधी ठेवा, म्हणजे लोक असतील. आणि प्रमुख पाहुण्यांना पाचचा कार्यक्रम चारचा सांगा.