631764 आणि मुंबईचे पिन कोड

6174 ची ओळख आपल्या मंडळींना नव्याने करून द्यायला नको. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा तो 1949 सालचा शोध: चार अंकी संख्येचे अंक उलटसुलट लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी 6174 वर येऊन थांबतो. सध्या मी सहा अंकी संख्यांवर आहे आणि सुरुवातीला मुंबईचे पिन कोड घेतलेत. रीत तीच: अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, उत्तराचं पुन्हा तेच.

सहा अंकांत मुक्कामाची जागा एकच नाही (सगळे अंक सारखे असतील ती संख्या सोडून द्या). 631764 आणि 549945 या दोन जागच्या हलत नाहीत. शिवाय सात जणांचं एक चक्र आहे: 420876, 851742, 750843, 840852, 860832, 862632, 642654 आणि पुन्हा 420876.

परळचा 400012 पहिल्याच वजाबाकीत चक्रात शिरतो: 421000 − 000124 = 420876. नरिमन पॉइंटच्या 400021 चे अंक तेच, म्हणून वाटही तीच. लोअर परळच्या 400013 ला मात्र 12 फेऱ्या लागतात: 430866, 831762, 752643, 530865, 829962, 771723, 653544, 310887, 873522, 651744, 620874, मग चक्रातला 851742. वहीतली ही माझी सगळ्यात लाडकी वाट. सांताक्रूझ पूर्वेचा 400055 हिलाच 653544 पाशी येऊन मिळतो.

631764 गाठणारे कमी सापडतात. ग्रँट रोडचा 400007 गाठतो:

740000 − 000047 = 739953
997533 − 335799 = 661734
766431 − 134667 = 631764

कुर्ल्याचा 400070 अर्थातच सोबत. 400009 सुद्धा तिथेच जातो. 631764 चे मूळ अवयव 2 × 2 × 3 × 3 × 7 × 23 × 109. आणि 6174 मध्ये 6 नंतर 3, 4 च्या आधी 6 घातला की हीच संख्या! तेच आणखी एकदा केलं की 63317664, ती आठ अंकांत स्थिर.

आता या वेळची खरी मिळकत: मुंबईचा एकही पिन 549945 ला पोचत नाही, आणि हे सिद्ध करता येतं. उतरत्या क्रमातले पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा हे तीन फरक कळले की उत्तर ठरतं. 549945 साठी ते 5, 5, 0 हवेत. असे फरक असले की अंकांची बेरीज सम येते. पण वजाबाकीच्या उत्तरात ही बेरीज 27, 36 किंवा 45 असते, म्हणजे 36 च उरते. 36 तेव्हाच, जेव्हा उत्तराच्या मधोमध दोन 9 असतात. मग बाकीचे अंक 5, 5, 4, 4 च निघतात. म्हणजे 549945 कडे दुसऱ्या कुठल्या उत्तरातून वाटच नाही. सुरुवातीच्या संख्येचेच फरक 5, 5, 0 हवेत. मुंबईच्या पिनमध्ये किमान तीन शून्यं, त्यामुळे उरलेले तीन अंक हेच फरक, आणि त्यात 4 असतोच.

ठाण्याच्या 400615 मध्ये शून्यं दोनच, तिथे हा युक्तिवाद लागू नाही. पण 4006 मध्ये 6 आणि 0 दोन्ही असल्याने पहिला फरक 6 च्या खाली येत नाही. म्हणजे ठाणंही बंद.