चार ग्रॅम निळा

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर अठराव्या दिवशी मी पुन्हा कार्यशाळेत गेलो. नवी मुंबईच्या औद्योगिक वसाहतीतला भाड्याचा गाळा, त्यातले एचिंगचे, म्हणजे आम्लाने खोदलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर छाप काढण्याचे यंत्र आणि सपाट खणांचे लोखंडी कपाट, एवढाच माझा गेल्या सतरा वर्षांचा संसार आहे. एका जुन्या मालिकेतली बारा प्रिंट दमट हवेने खराब झाली होती; ती येत्या प्रदर्शनासाठी नव्याने काढायची होती आणि त्यासाठी जुन्या प्रुफाशी, म्हणजे नमुना म्हणून जपलेल्या छापाशी, शाई जुळवून घेणे, एवढेच त्या दिवसाचे काम होते.

ही मालिका २००७ साली सुरू झाली तेव्हा ती जस्ताच्या नऊ इंची चौरस प्लेटवरची साधी ॲक्वाटिंट होती. प्लेटवर राळेची पूड बसवून ती तापवायची, वितळून चिकटलेल्या कणांमधली उघडी जागा नायट्रिक आम्लाला खाऊ द्यायची आणि जिथे फिकट हवे तिथे वॉर्निश लावून आम्लाला अडवायचे, म्हणजे राखाडीच्या एकेक पायऱ्या मिळत जातात. एकच राखाडी काळ्याच्या शेजारी उजळ आणि पांढऱ्याच्या शेजारी गडद दिसतो, यात नवे काही नाही. जोसेफ आल्बर्स या चित्रकाराने १९५० पासून १९७६ साली मरेपर्यंत चौरसात चौरस बसवून, शेजाऱ्यामुळे रंग कसा बदलतो हेच तपासले. त्या चिकाटीपुढे माझी सतरा वर्षे किरकोळच. माझा प्रश्न थोडा निराळा होता. दोन राखाडींमधला फरक इतका कमी ठेवता येईल का, की तो पहिल्या मिनिटाला दिसू नये आणि तिसऱ्या मिनिटाला दिसल्याशिवाय राहू नये? म्हणून एका शाईत किंचित अंबर हा तपकिरी रंग आणि दुसरीत किंचित प्रशियन निळा घालत गेलो. पुढे प्लेट मोठ्या झाल्या. पांढरी मिसळलेली शाई जस्तावर पुसताना मळते म्हणून तांबे आले. कागद पातळ नेपाळी झाला आणि २०१६ नंतर प्रिंट भिंतीवरून निघून छताला टांगली गेली. चाळीस प्रिंट आणि त्यांच्यामधून चालायला वाट. लोक त्या मांडणीला ‘निळी खोली’ म्हणू लागले तेव्हा मी सुखावलो होतो. निळा तर नावाला आहे, तरीही पाहणाऱ्याचा डोळा तो आपल्या पदरचा घालून घेतो, असे मी व्याख्यानांतून ठासून सांगितलेही आहे.

त्या दिवशी खणातून प्रूफ काढून टेबलावर ठेवले आणि मला वाटले, भलतेच प्रूफ हाती आले. उजवा अर्धा भाग सरळसरळ निळा होता, शाळेच्या गणवेशासारखा. खाली मात्र माझीच सही होती आणि शिसपेन्सिलीने लिहिलेले २०१९. आधी कागदाचा संशय आला. पण समास होता तसाच होता. मग ट्यूबलाइटचा आला, म्हणून प्रूफ दाराशी नेऊन पावसाळी उजेडात धरले. निळा हलला नाही. तेव्हा मी उजवा डोळा मिटला आणि निळा गेला. समोर माझ्या ओळखीचे दोन राखाडी शेजारी शेजारी उभे राहिले. डोळे बदलले, निळा परत आला. हे मी किती वेळा केले ते मोजले नाही, पण दारातून जाणारा शेजारच्या गाळ्यातला कामगार थांबून बघू लागला होता.

वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होत जाते आणि ते इतर रंगांपेक्षा निळा प्रकाश अधिक अडवते. हे इतके सावकाश घडते की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. जग पिवळे दिसत नाही, फक्त निळ्यातले बारीक फरक हातचे जातात. जुने भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की काही आठवडे सगळेच वाजवीपेक्षा निळे वाटू शकते. क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी झाली, आणि तेही पुढे निळ्याने हैराण होऊन रंगीत काचांचे चष्मे वापरत. हे सारे मी विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. त्यामुळे नवा डोळाही साक्षीला घेण्यासारखा नव्हता. मी माझ्या सहायक मुलीला हाक मारली.

“यात तुला काय दिसतं?”

“एक राखाडी आणि एक निळा.”

“आज की नेहमीच?”

“मी इथे आले तेव्हापासून, सर.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

हाताची शाई चिंधीला पुसत ती म्हणाली, “तुम्ही ‘दोन राखाडी’ म्हणता ना, मला वाटलं ते शीर्षक आहे.”

मग शाईची वही उघडली. २००७च्या पानावर १०० ग्रॅम शाईत अर्धा ग्रॅम प्रशियन निळा होता. २०१३ला दीड ग्रॅम. २०१९ला चार ग्रॅम, आणि पुढे माझ्याच अक्षरात शेरा: ‘निळा चढत नाही. कंपनीने माल बदलला असावा.’ त्या कंपनीला मी तेव्हा चिडून एक पत्रही पाठवले होते. तिने नम्रपणे उत्तर दिले होते.

दुपारी तिला अर्ध्या ग्रॅमची आणि चार ग्रॅमची अशा दोन्ही शाया घोटायला सांगितल्या. ओला कागद, यंत्राच्या दोन फेऱ्या, दोन प्रिंट. अर्ध्या ग्रॅमच्या प्रिंटसमोर ती घड्याळ धरून उभी राहिली आणि दोन मिनिटांनंतर “हां, आता दिसला” म्हणाली. म्हणजे मालिका जे करते असे मी सांगत होतो, ते ती सुरुवातीच्या काही वर्षांत खरोखर करत होती. नंतर खोली निळी होती आणि लोक जे होते तेच म्हणत होते.

बारा प्रिंट मात्र चार ग्रॅमच्या शाईनेच काढायची ठरवली, कारण उरलेली अठ्ठावीस तशीच आहेत आणि लोकांनी पाहिलेली खोली तीच आहे. अर्ध्या ग्रॅमची शाई मी नव्या प्लेटसाठी डब्यात भरून ठेवली. संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून डाव्या डोळ्याची तारीख प्रदर्शन लागेपर्यंत पुढे ढकलून घेतली. चाळीस प्रिंट टांगून झाली की उजवा डोळा मिटून, मी जी खोली केली होती तिच्यातून मला एकदा फिरून यायचे आहे. डॉक्टरांनी कारण विचारले, तेव्हा कामाची गडबड आहे असे सांगितले.