रेडिओचा आवाज कमी करा

मालवणच्या आमच्या घरी रेडिओ पडवीतल्या खिडकीत असायचा. आवाज खरखरला की काका त्याची दांडी पूर्ण बाहेर ओढून इकडेतिकडे वाकवत. मिडियम वेव्ह पकडते ती आतली फेराइटची कांडी, त्यामुळे फिरवायचा तर अख्खा रेडिओ. दांडीचा तिथे काही उपयोग नाही, हे मला कॉलेजात कळलं. मोठ्या ऐटीत काकांना सांगितलं. "मगे ती दांडी कित्याक दिल्यानी?" म्हणत त्यांनी ती आणखी ओढली.

११४३ किलोहर्ट्झवर रत्नागिरी लागायचं. दिवसा आवाज स्वच्छ, काळोख पडला की कुठली कुठली लांबची स्टेशनं त्यात घुसायची. पण मी वाट बघायचो ती गावच्या प्रश्नांवरच्या थेट प्रसारणाची. स्टुडिओत एक साहेब आणि फोनवर आम्ही लोक. कुठल्या केंद्राचा कार्यक्रम ते जाऊ दे.

प्रत्येक फोनची सुरुवात ठरलेली. "हॅलो, आयकाक येता?" आणि पाठोपाठ कान फाटेल अशी शिट्टी. निवेदिका शांतपणे म्हणायची, "काकी, आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा." फोन आणि रेडिओ एकाच खोलीत, त्यामुळे काकीचाच आवाज रेडिओतून निघून पुन्हा फोनमध्ये शिरत असे. मग घरातलं एखादं पोर धावत जाऊन रेडिओ बंद करी. पण मग काकी काय बोलली ते घरच्यांनी ऐकायचं कसं? त्यासाठी शेजारच्यांचा रेडिओ मोठा व्हायचा. फोन होता साहेबांना, पण बोलणं सगळं वाडीला उद्देशून. साहेबांचं उत्तर तर आम्हाला पाठ होतं: "नोंद घेतली आहे."

मुंबई-गोवा महामार्ग निघाला नाही असा कार्यक्रम अलीकडे ऐकल्याचं आठवत नाही. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याबद्दल आणखी काही लिहून आपला रक्तदाब वाढवण्यात अर्थ नाही. गंमत असते ती मासेमारीची गोष्ट निघाली की. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा एक जण एकदा फोनवर आला. साहेब त्याला समजावत होते की एलईडीच्या उजेडात मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे. शासकीय मराठीत, सावकाश, कलमासकट. यानेही सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे रातचो दर्यात उजेड दिसता तो कोणाचो? काजव्यांचो?" साहेबांनी घसा खाकरला. मग एकदम गाणं लागलं.

या रेडिओला आम्ही नावं ठेवतो खरी. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, तेव्हा दापोलीच्या मावशीकडे बाहेरच्या जगाची खबर दोन पेन्सिल सेलवरच येत होती. माडाच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि शेजारी रोज संध्याकाळी तिच्या ओटीवर बातम्या ऐकायला जमत.

आमच्या काकीने आयुष्यात एकदाच रेडिओवर फोन केला, व्हाळावरच्या साकवासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलासाठी. फळ्या कुजून पोरांचे पाय अडकत होते. आवाज चिरकला, मधेच मराठीची मालवणी झाली, साकवाबरोबर रेशनवरच्या तांदळातले खडेही निघाले. साहेबांनी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी दुकानात जो तो विचारी, "गो, काल तुजो आवाज रेडिओर इलो!" काकी पदर सावरत लाजली, पण बोलायची थांबली नाही. साकवाचं पुराण तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं, या खेपेला शिट्टीविना.

पुढच्या रविवारी वाडीतल्या चार जणांनी पोफळीचे सोट आणून व्हाळावर टाकले, सुंभाने आवळून बांधले. पोरं नाचत पलीकडे गेली. काकी मात्र काठावर कपाळाला हात लावून उभी.

"केलात काय ह्या? आता सायब इलो तर म्हणतलो, साकव तर आसाच!"