टांग मारायचे दिवस गेले

आधी पडल्याची गोष्ट सांगून टाकतो, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघालं.

मागच्या हिवाळ्यात, नागपुरात अंबाझरी गार्डनच्या बाहेर, सकाळचे साडेसहा. आमच्या वॉकिंग ग्रुपातल्या एका मित्राला पोरानं पुण्याहून इलेक्ट्रिक सायकल पाठवली होती आणि तो सगळ्यांना एकेक राउंड देऊन राहिला होता. माझा नंबर आला. आता मी काही नवशिका नाही ना भाऊ, महालातून सिव्हिल लाइन्सला ए.जी. (महालेखापाल) ऑफिसात बारा वर्षं ॲटलासवर गेलेला माणूस, हँडलला डबा, कॅरियरला छत्री. तर विचारबिचार न करता जुन्या सवयीनं डावा पाय पायडलवर ठेवला, दाबला आणि उजवी टांग कॅरियरवरून फिरवायला उचलली. पायडल अर्धं फिरलं असेल नसेल, सायकल माझ्या खालून निघून गेली. तिला वाटलं हा माणूस पायडल मारून राहिला, चला मदत करू, आणि झाली मोटर सुरू. मी एका पायावर दोन उड्या मारल्या आणि सरळ पोहेवाल्याच्या बाकड्यावर. तर्रीचं पातेलं थोडक्यात वाचलं. कोपर सोललं, चष्म्याची काडी गेली. पोहेवाला पाणी घेऊन धावला आणि आमचा मित्र पहिले सायकल उचलायला धावला, ते मी लक्षात ठेवून आहे.

घरी डेटॉल लावता लावता मिसेस म्हणाली, "काऊन, वय सदुसष्ट आहे हे त्या सायकलला सांगितलं नव्हतं का?"

तरी सायकल घ्यायचीच हे त्याच आठवड्यात ठरवलं. कारण स्कूटर आता झेपत नाही. चालवायला झेपते, पण मेन स्टँडवर चढवताना कंबर बोलते, आणि गोकुळपेठ बाजारात दोन स्कूटरच्या मधून आपली बाहेर काढायची म्हणजे आजूबाजूच्या पोट्ट्यांना हाक मारावी लागते. साधी सायकल उजव्या गुडघ्याला चालत नाही, सपाटीवर ठीक, पण उड्डाणपुलाचा चढ आला की गुडघा कुरकुर करतो. ऑर्थोवाल्या डॉक्टरला विचारलं तर ते म्हणाले सायकल चांगली, जिन्यापेक्षा खूप चांगली, फक्त जोर लावून चढ चढू नका आणि सीट फार खाली ठेवू नका. हे सीटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं, त्याचा अर्थ नंतर कळला.

मग सुरू झाली दुकानं. सीताबर्डी, सदर, आणि आमच्या प्रतापनगरकडची दोन. एका दुकानात (नाव नाही सांगत) पोरगा मला बघून सरळ जाड टायरवाल्या काळ्या धुडाकडे घेऊन गेला. "काका, सत्तर किलोमीटर रेंज, आणि मी अनलॉक करून देतो, पस्तीसला पळते." मी म्हटलं बेटा, पस्तीसला पळून मी जाऊ कुठे? आणि हे अनलॉक, म्हणजे वेगाची मर्यादा काढून टाकायचं प्रकरण नीट समजून घ्या. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे तोवर ती सायकल, ना लायसन्स, ना नंबर प्लेट, ना आरटीओ. त्याच्या वर नेली की कायद्याच्या हिशोबानं ती मोटार गाडी होते आणि तुम्ही बिनानंबरची, बिनाइन्शुरन्सची गाडी चालवून राहिले. कोणाला धक्का लागला तर भोगा मग. दुकानदार तेव्हा फोन उचलणार नाही.

रेंजचं पण सांगतो, आयुष्यभर हिशोबच तपासले आहेत. बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर, त्यांचा गुणाकार करायचा. ३६ गुणिले ७.८ म्हणजे साधारण २८० वॅट-अवर. पायडल मारत मारत मदत घेतली तर किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर धरा, म्हणजे झाले पंचवीस किलोमीटर. नुसतं थ्रॉटल (स्कूटरसारखी हँडलची मूठ) पिळत बसलात तर त्याहूनही कमी. एवढ्याच बॅटरीला "पन्नास किलोमीटर" सांगत असतील तर ते वजनानं हलक्या माणसाला, सगळ्यात कमी मदतीवर, सपाट रस्त्यावर, वारा नसताना. माझं वजन ७८ आणि पिशवीत दोन किलो संत्री. पण खरं सांगू का, मला पंचवीस खूप झाले. फुटाळा, खामला, बँक, आणि आठवड्यातून एकदा बहिणीकडे सक्करदऱ्याला, याच्या पलीकडे मी जातोच कुठे. एक पूर्ण चार्ज म्हणजे तीन-चार तास आणि युनिटचा तिसरा हिस्सा, म्हणजे विजेच्या बिलावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

पडल्यावर मी दोन दिवस घरी ओसरीत बसून एकच विचार केला, की आमच्या वयाची माणसं सायकलवरून नेमकी पडतात कधी? ग्रुपातल्या सगळ्यांना विचारलं. एक चढताना पडला, एक उतरताना पॅन्ट सीटला अडकून पडला, एक लॉ कॉलेज चौकात सिग्नलला थांबला आणि उभ्या उभ्या आडवा झाला, कारण पाय टेकायला गेला तिथे सिमेंट रोड संपून खाली गट्टू (सिमेंटचे ठोकळे) होते, तीन-चार इंच खाली. पळत्या सायकलवरून पडलेला एक पण नाही निघाला. म्हणजे आम्ही सगळे स्पीड, रेंज, गिअर विचारून राहिलो आणि हाडं मोडतात ती सायकल उभी असताना!

आणि इथेच डॉक्टरचं सीटचं वाक्य आठवलं. सीट खाली केली की दोन्ही पाय टेकतात, जिवाला बरं वाटतं, पण पायडल मारताना गुडघा जास्त मुडपतो आणि आठ दिवसांत दुखायला लागतो. सीट वर केली की गुडघा खूश, पण थांबल्यावर फक्त अंगठे टेकतात. मग करायचं काय? याचं उत्तर मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दिलं, खामल्यात रस्त्याच्या कडेला पंक्चर काढतो तो. म्हणाला, "साहेब, थांबताना सीटवर बसून राहताच काऊन? पुढे उतरा ना." म्हणजे ब्रेक दाबायचा, ढुंगण सीटवरून पुढे सरकवायचं आणि दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून सायकलच्या मधोमध उभं राहायचं. सीट आपल्या मागे. पण हे जमतं कधी, मधली दांडी नसेल तेव्हा. दांडीवाल्या सायकलवर पुढे उतरलात तर काय होतं ते पुरुष मंडळींना सांगायची गरज नाही.

तर उत्तर होतं लेडीज सायकल.

आता हसू नका. हे लिहायला सोपं आहे, दुकानात उभं राहून म्हणायला सोपं नाही. कंपन्या पण हुशार, त्या लेडीज म्हणत नाहीत, स्टेप-थ्रू म्हणतात, पण आमच्या ग्रुपात ते चालणार होतं का? दुकानात मी तीन वेळा त्या सायकलपर्यंत गेलो आणि तीन वेळा बाजूच्या दांडीवालीची किंमत विचारून परत आलो. चौथ्यांदा पोराला म्हटलं, ती पांढरी काढ. पाय मागून नाही फिरवला, पुढून नुसता आत टाकला, बाथरूमचा उंबरठा ओलांडतो तसा. एवढंच. पन्नास वर्षं टांग मारली आणि इथे टांगेचं कामच नाही.

मोटरचं पण त्याच दिवशी समजून घेतलं. स्वस्तातल्या सायकलींना पायडल फिरतंय का नाही एवढंच कळतं. फिरलं की मोटर सुरू, तुम्ही जोर लावा नाहीतर नुसते पाय हलवा. म्हणून ती क्षणभर उशिरा धक्का देते आणि पाय थांबवले तरी क्षणभर चालूच राहते. महागड्या सायकलींत तुम्ही पायडल किती जोरात दाबता ते मोजलं जातं आणि तेवढीच मदत मिळते, ती चालवली की वाटतं आपलेच पाय पंचवीस वर्षांनी लहान झाले. बजेट असेल तर तीच घ्या. माझं नव्हतं, मी पहिल्या प्रकारची घेतली, पस्तीस हजारांच्या आत बसवली. पण एक गोष्ट बघूनच घेतली, ब्रेकचा लिव्हर नुसता टेकवला की मोटर बंद पडते का. दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा, एकाची वायर लावायची राहून गेलेली मी स्वतः एका दुकानात पाहिली. आता माझा नियम असा, बसताना मदत शून्यावर आणि बोटं ब्रेकवर, दोन्ही पाय जागेवर आले, मग मदत एक नंबरवर. गेटातून आत ढकलताना तर बटणच बंद, नाहीतर हात थ्रॉटलवर जातो आणि सायकल स्वतःहून तुळशी वृंदावनाला जाऊन भिडते. (हो, भिडली आहे.)

वजनाचं दुकानात लक्षात येत नाही. माझी २३ किलोची आहे. आमचं घर रस्त्यापेक्षा खाली गेलंय, सिमेंटचा रोड झाल्यापासून गेटाबाहेर चांगला चढ आहे. तिथे एक गंमत कामी आली, वजाबाकीचं बटण दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीनं आपल्यासोबत चढते. हे मला दुकानदारानं नाही, नातवानं शोधून दिलं. तुमच्या सायकलला ते आहे का विचारा. आणि बॅटरी चावीनं निघते का ते बघा, न निघणारी घेऊच नका. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला त्या रात्री ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा खाली ठेवलेल्या वस्तूंचं काय झालं ते. सायकलवर पाऊस पडलेला चालतो, सायकल पाण्यात बुडालेली चालत नाही. माझी बॅटरी वरच्या मजल्यावर असते.

पण पावसापेक्षा आपल्याकडे उन्हाची भीती जास्त. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि टिनाच्या शेडखाली किती ते देवाला माहीत. लिथियमची बॅटरी गरमीत म्हातारी होते, त्यात फुल चार्ज करून गरमीत ठेवली तर अजूनच लवकर. म्हणून उन्हाळ्यात मी तिला सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवतो, बाहेरून आल्या आल्या चार्जिंगला लावत नाही, हात लावून थंड वाटली की मगच, आणि ते पण दिवसा, समोर माणूस असताना. रात्रभर लावून झोपायचं नाही. तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरायचा. नातू म्हणतो आजोबा तुम्ही बॅटरीला कूलरसमोर झोपवता. झोपवतो, नवीनला बारा हजार सांगितले आहेत.

बाकी किरकोळ. टायर बारीक नको, ते सिमेंट आणि गट्टूच्या मधल्या फटीत जातात, दोन इंचाच्या वरचे बघा. उजवीकडे आरसा लावाच, दीडशे रुपयांचा, मान मागे वळवली की हँडल पण वळतं हे आपलं आपल्याला कळत नाही. तीन चाकांची पण पाहिली होती, वाटतं पडायचा प्रश्नच मिटला, पण वळणावर ती झुकत नाही, वेगात वळवली की आतलं चाक उचलतं, मला तर दुकानाच्या आवारातच घाम फुटला. हेल्मेट घाला, आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सायकलला हात लावू नका, डोक्याला साधा मार पण त्यात महागात पडतो.

ग्रुपात पहिल्या दिवशी व्हायचं ते झालंच. "अबे, वहिनीची घेऊन आला का?" आठवडाभर चाललं. मग एकानं हळूच विचारलं, जरा बसून पाहू का, आणि पाय पुढून टाकला, आणि काही बोलला नाही. आता त्याची पण येऊन राहिली, निळी.

सेमिनरी हिल्सचा चढ मी तीन नंबरवर चढलो, न थांबता, वर जाऊन मुद्दाम थांबलो, पुढे सरकून, दोन्ही पाय टेकवून. शेवटचा तिथे सायकलनं आलो होतो तेव्हा लग्न व्हायचं होतं.

लग्नावरून आठवलं. मिसेस एलएडी कॉलेजला सायकलनं जायची, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी दुपारी म्हणाली जरा बघू, आणि गेटापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, पदर कमरेला खोचून. मी म्हटलं सीट तुझ्या उंचीची नाही. ती म्हणाली असू द्या. आज सकाळी मी फुटाळ्याला निघालो, हेल्मेट घातलं, आरसा पुसायचा कपडा घेतला, आणि शेडमध्ये पाहतो तर सायकल नाही. खामल्याला भाजी आणायला गेली आहे म्हणे. सीट दोन इंच खाली करून.