ग्रेट निकोबार: अंधाऱ्या जंगलातले पक्षी

ग्रेट निकोबारच्या सदाहरित जंगलात सकाळचे नऊ वाजले तरी झाडांखाली प्रकाश इतका अपुरा असतो की, लांब पल्ल्याच्या लेन्सचे छिद्र एफ ५.६ एवढे उघडून आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, थेट ६४०० वर नेऊनही शटरचा वेग सेकंदाच्या साठाव्या भागापलीकडे जाता जात नाही. एवढ्या संथ वेगावर पानांच्या सावलीत टुणटुण उड्या मारणारा पिट्टा टिपायचा, म्हणजे तो पुढची उडी मारण्याआधी क्षणभर थबकेल तेव्हाच बटण दाबायचे. हा पिट्टा, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या नवरंगाचा काळ्या डोक्याचा निकोबारी भाऊबंद, शीळ घालून आपली जागा कळवतो आणि मग जमिनीवरच्या पाल्यात दिसेनासा होतो. अशा वेळी हाताशी मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी आधार, असावा, फ्लॅश पिशवीतच राहू द्यावा आणि वाढीव आयएसओमुळे चित्रात येणारे दाणे निमूटपणे स्वीकारावेत, असे माझे मत झाले आहे. दाणेदार पण खरे चित्र मला फ्लॅशमध्ये चकाकणाऱ्या डोळ्यांपेक्षा केव्हाही अधिक पटते.

हे बेट पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, सुमारे ५४० किलोमीटर दक्षिणेला आहे आणि सुमात्राचे टोक त्याला त्याहून कितीतरी जवळ पडते. बहुतेक भूभाग शोंपेन आणि निकोबारी या आदिवासी समाजांसाठी राखीव असल्यामुळे त्यांच्या संरक्षणाच्या १९५६ च्या नियमांनुसार परवाना घेतल्याशिवाय त्यात पाऊल टाकता येत नाही, आणि शोंपेन लोकांकडे कॅमेरा रोखण्याला तर कायद्यानेच मनाई आहे. पक्षिनिरीक्षकाच्या वाट्याला प्रामुख्याने कॅम्पबेल बेची वस्ती, तिथून निघणारे रस्ते आणि त्यांच्या कडेचे जंगल एवढेच येते. पण ते पुरेसे आहे. घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचे आणि सूर्य पूर्वेचा, त्यामुळे फेब्रुवारीतही संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी घेणाऱ्याचा दिवस इथे अक्षरशः बुडतो.

मी ज्याच्यासाठी एवढ्या दूर गेलो होतो तो पक्षी कॅमेऱ्यापुढे मिरवण्यासारखा नाही. निकोबार मेगापोड हा तपकिरी रंगाचा, उघड्या तांबड्या चेहऱ्याचा, मजबूत पायांचा, कोंबडीएवढा पक्षी असून त्याचे बाकीचे सगेसोयरे फिलिपीन्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बेटांवर राहतात. हा एकटाच पश्चिमेला इतक्या दूर उरला आहे. तो अंडी उबवत बसत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी ओढून तो किनाऱ्यालगतच्या झाडीत कित्येक फूट रुंदीचा ढिगारा रचतो, मादी त्यात खोल खड्डा करून अंडे घालते आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ते उबते, जसा शेणखताचा ढीग आतून तापतो तसे. पिल्लू पिसांसकट जन्मते, स्वतःच वर उकरत येते आणि आईबापांचे तोंडही न पाहता जंगलात चालू लागते. हे सारे वाचून माहीत होते; तरीही प्रत्यक्ष ढिगाऱ्यावर एका पक्ष्याला मागे मागे माती उडवताना पाहिले, तेव्हा बराच वेळ कॅमेरा उचलण्याचे सुचले नाही. नंतर घेतलेली चित्रे दुरून, झाडाच्या बुंध्याआडून घेतलेली आहेत आणि त्यांत पक्ष्यापेक्षा ढिगाराच अधिक दिसतो. मला ती तशीच हवी होती. या पक्ष्याचे व्यक्तिचित्र कुठेही मिळेल, पण ढिगारा कोणत्या झाडांखाली आहे, भरतीच्या रेषेपासून किती दूर आहे आणि त्यावर माती ताजी आहे की जुनी, हे दाखवणारे चित्र पुढे अभ्यासकाच्या कामी येऊ शकते. तिथे लपणघर उभारून बसण्याचा मोह मी टाळला, कारण ढिगाऱ्याभोवतीचा माणसाचा वावर आणि वास पक्ष्याला त्रास देतो आणि अंड्यांच्या शोधात असलेल्यांना वाट दाखवतो.

ढिगारे किनाऱ्यालगत असण्याची किंमत या पक्ष्याने २६ डिसेंबर २००४ रोजी मोजली. त्सुनामीने किनारपट्टीचे जंगल झोडपले, भूकंपाने बेटाचा दक्षिण भाग चार मीटरहून अधिक खचला, बेटाच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पाया समुद्रात गेला आणि त्याबरोबर असंख्य ढिगारेही नाहीसे झाले. पुढच्या सर्वेक्षणांत मेगापोडची संख्या मोठ्या प्रमाणात घटलेली आढळली.

निकोबारी कबुतर मात्र छायाचित्रकाराला लगेच वश करणारे आहे. मानेभोवती लांब लोंबती पिसे, अंगावर हिरव्या-तांबूस धातूची झळाळी आणि आखूड, पांढरीशुभ्र शेपटी. डीएनएच्या अभ्यासानुसार नामशेष झालेल्या डोडोचा हा हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग. पण ते सावलीत, जमिनीवर फळे वेचत फिरते आणि त्याची झळाळी उन्हाचा कवडसा पडल्याखेरीज दिसत नाही. सावलीत ते नुसते काळपट राखी भासते. म्हणून कबुतराचा पाठलाग करण्याऐवजी एखादा कवडसा निवडून त्यावरच फोकस ठेवून थांबणे मला अधिक फलदायी वाटले. चित्रात शेपटी काळसर आली तर पक्षी अजून वयात आलेला नाही असे समजावे, कारण पांढरी शेपटी प्रौढांनाच असते.

निकोबारी पोपटांची गोष्ट उलटी आहे. ते उंचावर, केवड्याच्या जातीच्या झाडांची फळे फोडत बसतात आणि कर्कश आवाजामुळे आधी ऐकू येतात. मागे लख्ख आकाश असल्याने राखी डोके आणि हिरवे अंग काळी छाया होऊन बसते, म्हणून एक्स्पोजर निदान दीड स्टॉप, म्हणजे प्रकाश जवळजवळ तिप्पट, वाढवावे लागते. नराची वरची चोच लाल आणि मादीची काळी, एवढे चित्रात स्पष्ट आले तरी पुष्कळ झाले. जगात हा पोपट ग्रेट निकोबार, लिटल निकोबार आणि त्यांच्याजवळच्या छोट्या बेटांवरच आढळतो.

दमटपणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर कॅमेरा वातानुकूलित खोलीत ठेवू नये. बाहेर काढताच लेन्सवर साचणारी वाफ सकाळचा सर्वांत चांगला अर्धा तास खाऊन टाकते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांवर निभावते.

निकोबार स्कॉप्स घुबडाचे चित्र माझ्याकडे नाही. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी कॅम्पबेल बे परिसरातून गोळा केलेल्या दोन नमुन्यांवरून पामेला रासमुसेन यांनी १९९८ मध्ये या घुबडाचे वेगळी जात म्हणून वर्णन केले. इतक्या कमी नोंदी असलेल्या पक्ष्याला ध्वनिमुद्रित आवाज वाजवून बोलावणे मला मान्य नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो जी शक्ती खर्च करतो, ती आपल्या एका चित्रासाठी खर्च व्हावी असे काही नाही.

आणि तरीही या बेटावरून मी चित्रे घेतली याचा मला आनंद आहे. मेगापोडचा अधिवास असलेल्या गॅलेथिया उपसागरात मालवाहू जहाजांचे मोठे बंदर बांधण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली असून विमानतळ आणि नगर धरून १३० चौरस किलोमीटर जंगल त्यात जायचे आहे. त्यामुळे प्रत्येक चित्राला मी तारीख, वेळ, झाडाची जात आणि पक्षी काय करत होता याची नोंद जोडली आहे. ढिगाऱ्यांची नेमकी जागा मात्र सार्वजनिक यादीत न घालता फक्त तिथल्या संशोधकांना कळवली आहे.