जॉर्जकुट्टी, जिभाऊ आणि ट्रॅक्टर

दृश्यम २, म्हणजे मल्याळमवाला, मोहनलालचा, १९ फेब्रुवारी २०२१ ला थेट प्राईमवर आला तेव्हा मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली अमळनेरजवळ गावी येऊन पडलो होतो. हिंदीतला पहिला घरात सगळ्यांचा पाठ, अजय देवगण-तब्बूचा, टीव्हीवर लागला की आई गॅसवर दूध ठेवलंय हे पण विसरते. (तो आपल्या निशिकांत कामतने केलाय, डोंबिवली फास्टवाल्याने, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणी ऐकत नाही.) त्यामुळे दुसरा भाग आलाय म्हटल्यावर थांबायला कोणीच तयार नाही. अडचण एकच, बोलणं मल्याळम आणि खाली सबटायटल इंग्रजी.

मग शेवभाजी आणि दादरची (म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची) भाकरी उरकून सगळे पुढच्या खोलीत, मोबाईलचा हॉटस्पॉट टीव्हीला, आणि मी अडीच तास इंग्रजी वाचून अहिराणीत डबिंग करतोय. जॉर्जकुट्टी, त्याची बायको राणी, पोरगी अंजू, सगळे एकदम अस्सल खान्देशी झाले. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी इथूनच परत फिरा, कारण मी सगळं सांगणार आहे.

पहिल्या भागात अंजूला ब्लॅकमेल करणारा पोरगा घरातच मारला जातो, तो निघतो आयजीचा, म्हणजे एका मोठ्या पोलीस अधिकारी बाईचा मुलगा, आणि जॉर्जकुट्टी मुडदा पोलीस स्टेशनच्या फरशीखाली पुरून त्या दिवशी आपण सगळे सहलीला होतो असं दाखवतो. त्यात मला सगळ्यात भारी काय वाटतं तर ती तिकिटं. बसची, थिएटरची, हॉटेलची बिलं, त्यातलं काहीच बनावट नाही, ते कुटुंब खरंच सहलीला जाऊन आलेलं असतं, बापाने फक्त लोकांच्या डोक्यातली तारीख सरकवलेली असते. आबा एसटीत कंडक्टर होते, जन्म गेला अमळनेर-धुळे-चोपडा करण्यात, ते म्हणतात हे शंभर टक्के होऊ शकतं. पॅसेंजर कोण होता ते कंडक्टरला लक्षात राहतं, सुट्ट्या पैशांवरून भांडला असेल तर जन्मभर लक्षात राहतं, पण वार कोणता होता हे विचारलं तर नंतर जो जोरात सांगेल तोच वार खरा.

दुसऱ्या भागात सहा वर्षं गेलीयेत, जॉर्जकुट्टी आता थिएटरचा मालक, आणि बाजूला नवरा-बायको राहायला आलेत, नवरा दारुडा, बायको बिचारी, राणी तिला जीव लावते आणि एक दिवस मन मोकळं करते. ते दोघं निघतात पोलीस! इथे मोठी आईने कपाळावर हातच मारला. आमच्याकडे तर पोलीस पाठवायची पण गरज नाही, ओट्यावर संध्याकाळी बायका बसल्या की अर्ध्या तासात पंचनामा तयार.

आणि खरी गंमत तिथेच आहे. दृश्यमवाल्यांचं कुटुंब चौघांचं, म्हणून ते टिकलं. आमच्याकडे कुटुंब म्हणजे जिभाऊ (माझे मोठे काका), मोठी आई, चार काका, त्यांची पोरं, वर भाऊबंद, आणि त्यातले निम्मे बांधावरून एकमेकांवर दिवाणी केस टाकून बसलेले. गुपित ठेवायचं कोणात?

आमच्या घरात पण एक दृश्यम होऊन गेलाय. चुलतभाऊ नववीत असताना रात्री गुपचूप ट्रॅक्टर घेऊन निघाला आणि एका भाऊबंदाच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची भिंत पाडून आला. जिभाऊंनी रातोरात ठरवलं, ट्रॅक्टर मी चालवत होतो. घरातल्या प्रत्येकाला पढवून ठेवलं, मोठी आईने तर ते किती वाजता जेवून निघाले हे पण पाठ केलं, म्हणजे तयारी जॉर्जकुट्टीच्या तोडीची. सकाळी पंच बसले, एका म्हाताऱ्याने फक्त एवढंच विचारलं की जिभाऊ, क्लच कोणत्या पायाने दाबतात? जिभाऊ म्हणाले, उजव्या. अख्ख्या गावाला माहीत होतं की हा माणूस आयुष्यभर सायकलवर शेतात गेलाय. भिंत बांधून द्यावी लागली, वर दोन वर्षं लोक त्यांना रस्त्यात उजवा पाय दाखवायचे.

वकील असलेल्या आतेभावाला नंतर मी विचारलं की बापाने असं झाकलं तर कायदा काय म्हणतो. तो म्हणाला गुन्हेगाराला लपवलं तर आयपीसीचं कलम २१२ (आता न्याय संहितेत २४९), त्यात नवरा-बायकोला सूट आहे, आई-बापाला नाही. आणि पुरावा नष्ट करण्याचं २०१ (आता २३८), तिथे तर नातं कोणतंही असो, सूट नाहीच. सिनेमातल्या पोरीला स्वसंरक्षणाचा मुद्दा होता, लगेच ठाण्यात गेले असते तर केस वेगळी झाली असती असं पण म्हणाला. पण मेलेल्या पोराची आईच आयजी असताना कोण जाईल ठाण्यात? चिनी लोकांनी २०१९ ला याचा रिमेक केला त्यात बाप शेवटी स्वतःहून हजर होतो म्हणे, हे सांगितल्यावर जिभाऊंना अजिबात पटलं नाही. "बाप शे तो, दुसरं काय करी?" बस, विषय संपला.

घरात सगळेच जॉर्जकुट्टीच्या पार्टीत. पोलीस स्टेशनची फरशी खोदायला लागले तेव्हा तर श्वास रोखून बसलेले, जसा काय मुडदा आमच्याच अंगणातून निघणार आहे. आई मात्र मघापासून गप्प. मध्येच म्हणाली, "तिले तिना पोऱ्या सापडना का?" मला आधी कळेचना कोणाबद्दल बोलतेय. त्या आयजीबद्दल. आम्ही पुराव्यात, डीएनएत, कोर्टात अडकलो होतो आणि ही दोन भागांपासून त्या बाईसोबत बसलेली, जिला शिक्षेपेक्षा आधी पोरगा कुठे आहे एवढं हवं होतं. मग ते शेवटचं येतं, जॉर्जकुट्टीने हाडं बदललेली असतात आणि पोराची राख त्याच्या आई-बापापर्यंत पोहोचते. आमच्याकडे प्रकाशाला तापीवर अस्थी घेऊन जातात, आजोबांच्या वेळी आई पण गेली होती. ती राख बघितल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला आणि उठून आत दूध विरजायला गेली, शेवटचा जॉर्जकुट्टीचा डावपेच तिने बघितलाच नाही.

लाईट बंद केले, मी अंथरूण टाकलं. बाहेर खाटेवरून जिभाऊंचा आवाज आला.

"भाऊ, त्या जॉर्जकुट्टीले ट्रॅक्टर येस का रे?"