वाई–लिंब–माहुली सायकलने: कालव्याचा रस्ता पावसानंतर धरू नका

आधी मुद्द्याचं सांगतो. सातारा जिल्ह्यात वाईहून लिंबच्या दिशेने कालव्याच्या कडेची म्हणून जी वाट सायकलवाल्यांत जीपीएसच्या फाइलीच्या रूपाने फिरते आहे, ती पाऊस पडून चार-पाच दिवस कोरडे गेले नसतील तर धरू नका. आम्हाला ती सांगणाऱ्याचे शब्द होते, ‘सगळा मुरूम, एकदम सपाट, गाडी एकही नाही, बिनधास्त जा.’ आम्ही गेलो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास अवकाळी पाऊस झाला होता. त्या वाटेचे शेवटचे 7 किलोमीटर पार करायला आम्हा दोघांना 3 तास 40 मिनिटं लागली आणि त्यातला बराचसा वेळ सायकल खांद्यावर होती.

नंतर कळलं, ज्याने वाट दिली तो तिथून दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेला होता. त्याचं खोटं नव्हतं, पण ‘कधी गेलास?’ हा एक प्रश्न आम्ही विचारला नाही आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. वाट शेअर करणाऱ्या प्रत्येकाने महिना लिहायलाच हवा, हे माझं आता ठाम मत आहे.

पहिला दिवस सोपा होता, म्हणून थोडक्यात. वाईत ढोल्या गणपतीच्या देवळामागे जाऊन भिंत नक्की पाहा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं, ते अगदी कृष्णेच्या पात्राला लागून. पुराचं पाणी आदळू नये, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. तिथून मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आम्हाला बंद मिळाला, पण घाट उघडा असतो आणि तिथली घंटा चुकवू नये. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेली ही चर्चमधली घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र आहे. पुढे धोमला नंदी पाहून परत वाई. डांबरी रस्ता, अधूनमधून कच्चा, कुणालाही जमेल. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. पहिले तीन-चार किलोमीटर खरंच सांगितलं तसे होते. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ऊस, चाकाखाली दाबून बसलेला मुरूम. इथेच आमची सावधगिरी गेली. मग एक मोरी ओलांडली आणि रस्त्याचा रंग बदलला. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटण्याआधी कालव्यातला गाळ पोकलेनने उपसून थेट रस्त्यावर पसरला होता. गाळ, खालची काळी माती, शेजारच्या फडातून उडून आलेलं पाचट, आणि वरून रात्रीचा पाऊस.

काळ्या मातीशी ज्यांची गाठ पडलेली नाही त्यांच्यासाठी नीट सांगतो, कारण लाल मातीवर किंवा मुरमावर कितीही सायकल चालवली असली तरी याची कल्पना येत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरवर एक थर चढतो, तो थर पुढची माती धरतो, असं चाकाच्या दोन फेऱ्यांत होतं. पाचट मिसळलं की भिंत लिंपायला कालवलेल्या मातीसारखा तो गिलावा होतो आणि बोटांनी सुटत नाही. माझे टायर 45 मिलिमीटरचे, फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा. साठ-सत्तर फुटांत मागचं चाक जाम. ढकलली तर चाक फिरत नाही, सायकल नांगरासारखी ओढावी लागते. उचलली तर वजन जवळपास दुप्पट.

माझ्या सोबत्याने इथे जी चूक केली ती तुम्ही करू नका. चाक अडलंय म्हणून त्याने जोर लावून पेडल मारलं. चिखलाने भरलेल्या डिरेलरमधून (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) चेन पुढे सरकेना, डिरेलर मागे ओढला गेला, चाकाच्या आऱ्यांत अडकला आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) तुटला. एक कडकन आवाज, बस. सुटा हँगर जवळ नव्हता. पुढे त्याने चेन तोडून, आखूड करून एकाच गिअरवर सायकल चालवली. चेन टूल आणि क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) पिशवीत होती म्हणून तेवढं तरी जमलं. ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांसाठीची) सायकल घेऊन शहराबाहेर जाणाऱ्याने आपल्या फ्रेमचा हँगर जवळ ठेवला नाही तर तो निष्काळजीपणा आहे, मी यापेक्षा सौम्य शब्दांत सांगणार नाही.

सुटका कशी झाली? कालव्याच्या उताराकडच्या काठावर हरळी वाढलेली असते. तिच्यावरून चाक घेतलं की माती कमी धरते. हे आम्हाला कळायला दीड तास गेला. बाभळीची फांदी मोडून तिच्या टोकाने फोर्कच्या आतली आणि मागच्या त्रिकोणातली माती दर शंभर पावलांनी खरवडत गेलो. हरळीत काटे असतात, पण ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) ताजं होतं, तीन काटे निघाले तरी हवा गेली नाही. ट्यूब घालून येणाऱ्यांचे मात्र हाल होतील.

वाटेत एक पिकअपवाला भेटला. डांबरी रस्त्यापर्यंत उरलेल्या 4 किलोमीटरचे त्याने 1,500 रुपये सांगितले, आणि आमचे पाय पाहून पुन्हा म्हणाला, ‘बघा, पुढं याहून वाईट आहे.’ पुढे याहून वाईट काही नव्हतं, सहाशे मीटरवर मुरूम परत सुरू झाला. नडलेल्याला असं खोटं सांगून पैसे काढणं मला अजून पचलेलं नाही. त्याउलट, थोडं पुढे एका काकांनी विहिरीवरची मोटर चालू करून पाइप हातात दिला आणि पैशांचं नाव काढल्यावर रागावले. ‘पाटकऱ्याला विचारायचं ना आधी, त्याला सगळी वाट पाठ असते,’ असंही म्हणाले. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस. कालव्याच्या रस्त्याने जायचं असेल तर हाच सगळ्यात उपयोगी सल्ला आहे: गाळ काढलाय का, पाणी सुटलंय का, पाऊस कधी झाला, हे तिन्ही पाटकऱ्याला ठाऊक असतं. गावात शिरून कुणालाही विचारा, तो कुठे भेटेल ते सांगतात.

सायकल धुताना पाण्याची जोरदार धार हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो तिथे) मारू नका. माती आत जाते आणि बेअरिंग पुढच्या महिन्यात कुरकुरायला लागतात. पाणी सोडून द्या, भिजू द्या, हाताने काढा. डिस्क आणि पॅडमधली रेती मात्र लगेच धुवायलाच हवी. आम्ही तसेच उतारावर गेलो असतो तर पॅड तिथेच संपले असते.

लिंबला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बारामोटेची विहीर पाहायची ताकद उरली नाही असं वाटत होतं, आणि पहिल्या दहा पायऱ्या उतरल्यावर ते वाटणं संपलं. वीरूबाई भोसले यांनी ही विहीर 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली, आमराईला पाणी मिळावं म्हणून. खोली 110 फूट, व्यास 50 फूट. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडून आयताकृती उपविहीर, आणि दोघींच्या मधोमध दगडी महाल. एकावेळी बारा मोटा चालायच्या. वर थारोळ्याच्या (मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या) बाजूला उभं राहून बारा बैलजोड्या मागेपुढे होताहेत, बारा ठिकाणी पाणी ओतलं जातंय, असं डोळ्यांसमोर आणून पाहा. महालाच्या खालच्या वाटेतून गार हवा येते. मी तिथे भिंतीला पाठ टेकून बसलो, पायावरचा वाळलेला चिखल पोपड्यांनी सुटत होता, आणि दारावरची शरभशिल्पं (शरभ म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी) बघत तास गेला. साताऱ्याच्या परिसरात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर हीच पाहा. कृपा करून आत कचरा टाकू नका आणि काठावरून वाकून फोटो काढू नका, कठडा सगळीकडे नाही.

तिथून माहुलीपर्यंत गावागावांतून जाणारा डांबरी रस्ता धरला. कृष्णा-वेण्णा संगम, घाटावरचं विश्वेश्वराचं देऊळ, सगळं सुंदर, पण आम्ही अर्ध्या तासात आटोपलं. सातारा रेल्वे स्थानक शहरात नाही, माहुलीच्याच बाजूला आहे. त्यामुळे परतीला रेल्वे धरणार असाल तर शहरात चढून जायची गरज नाही. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची असेल तर पार्सलच्या खिडकीवर गाडीच्या बऱ्याच आधी पोचा.

पाऊस झालेला असेल तर वाईहून थेट डांबरी रस्त्याने पाचवडकडे या आणि पुढे महामार्गाला लागून असलेल्या सेवारस्त्याने लिंब फाटा गाठा. रस्ता कंटाळवाणा आहे, ट्रक आहेत, पण विहिरीवर अकराच्या आत पोचाल आणि ऊन तिरपं असताना महालात उजेड येतो. कोरडं असेल, पाटकरी हो म्हणाला असेल, तर कालव्याने जा, सुरुवातीचे चार किलोमीटर खरंच फार सुरेख आहेत. मोरीनंतर माती काळी दिसली आणि टायरच्या पहिल्या फेरीत चिकटली, तर तिथूनच मागे फिरा. मोरीपासून डांबरी रस्ता परत गाठायला वीस मिनिटं लागतात.